खालच्या वस्तीचं शुद्धीकरण

६ नोव्हेंबर २०१७

शांताची नात पुन्हा आजारी. जुलाब थांबेनात म्हणून काल दुपारी धारवाडला नेली, सलाईन लावलंय. शांता स्वतः आशा कार्यकर्ती. दारोदार मीठ-साखरेचं पाणी शिकवत फिरते आणि तिच्याच घरी हे. मी विचारलं, पाणी उकळून देत नव्हतीस काय? तर म्हणाली, "उकळून काय काय मारू गं सुमे? साबण उकळून जातंय व्हय?"

खरंच आहे तिचं. आमच्या गावाचं गटार नदीत पडतं ते खालच्या वस्तीच्या वरच्या अंगाला. वस्तीची बोअर आटली तेव्हापासून ही माणसं नदीकाठच्या वाळूत झिरा खणून पाणी भरतात. म्हणजे आमच्या मोऱ्यांचं पाणी त्यांच्या घागरीत. सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणी बोलत नाही. मीही नाही बोलले इतकी वर्षं. शांता आणि मी अळणावरच्या मराठी शाळेत एका बाकावर होतो. लग्न होऊन दोघी याच गावात आलो, ती खाली, मी वर.

९ नोव्हेंबर

पंचायतीत मेंबर म्हणून बसल्यापासून आज पहिल्यांदा तोंड उघडलं. नाहीतर चहा पिऊन सही करायची एवढंच. म्हटलं, गटाराचं काहीतरी करा, पोरं दवाखान्यात पडताहेत. पीडीओ साहेब (पंचायतीचे सरकारी अधिकारी) लगेच, "आगले मंजूर आगेद री अक्का." आधीच मंजूर आहे म्हणे! आणि आम्हाला पत्ता नाही.

योजना अशी: गटाराच्या तोंडाला लोखंडी जाळी, तिच्यात कचरा अडकणार. मग टाकी, तिच्यात गाळ बसणार. मग खडीचा लांब वाफा, त्यात कर्दळ लावायची. पाणी मुळांतून पाझरून स्वच्छ होऊन नदीत. आपल्या परसातली लाल-पिवळी कर्दळ, तीच. मला तर फारच आवडलं. जागा खालच्या वस्तीला लागून असलेलं गायरान. सगळे 'हौदु हौदु', हो हो, म्हणाले. मीपण.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "आता नदीला फुलं वाहायची पाळी गटारावर आली म्हणायची." ह्यांना प्रत्येक गोष्टीत गंमत सुचते. आत्तींनी (सासूबाई) विचारलं, ती कर्दळ देवाला चालेल का? मी म्हटलं, आत्ती, जरा दम खावा.

२० नोव्हेंबर

भूमिपूजनाची नोटीस मराठीत करून द्या म्हणून पीडीओंनी माझ्याकडे ढकललं. "नीव बरीरी अक्का, निमदु मराठी छलो ऐत." माझं मराठी चांगलं आहे म्हणे. फुगले जरा, खोटं कशाला बोलू.

कानडी मथळा: 'केळगिन वस्ती कोळचे नीरु शुद्धीकरण घटक'. आता कोळचे नीरु म्हणजे घाण पाणी. पूजेच्या निमंत्रणात घाण कसं लिहायचं? बरं दिसेना. लग्नपत्रिकेत कोणी खरकटं लिहितं का? ते गाळलं. 'घटक' कानडीत कारखान्यासारखं काहीतरी, आपल्यात निराळंच, म्हणून तिथे 'कार्यक्रम' घातला. आणि लिहिलं:

खालची वस्ती शुद्धीकरण कार्यक्रम. सोमवारी सकाळी गायरानात. पूजेस कलघटगीहून भटजी येणार आहेत. सर्वांनी अगत्य येणेचे करावे.

सुटसुटीत झालं. ह्यांना वाचून दाखवलं. "झकास," म्हणाले. हेही बघा, शिकलेले.

२५ नोव्हेंबर

काय करून बसले मी!

सकाळी पंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली. रिक्षावाला कानडी, मराठी अडखळत वाचणारा. 'सोमवारी खालच्या वस्तीचं शुद्धीकरण. भटजी येणार. सर्वांनी यावे.' मी चुलीपुढे होते. ऐकता ऐकता हातातली भाकरी तव्यावरच जळली.

खालच्या वस्तीत सगळी बौद्ध घरं. एकेकाळी ह्याच गावात त्यांची सावली पडली तर लोक गोमूत्र शिंपडायचे, आणि आज आम्ही भोंगा लावून सांगतोय की तुमचं शुद्धीकरण करायला भटजी आणतोय. आणि हे मी लिहिलं. वर पुन्हा बरं दिसावं म्हणून.

दुपारी धावत खाली गेले. समाजमंदिराच्या कट्ट्यावर गर्दी. शांता दारात उभी होती. मला बघून आत गेली नाही, पण ये पण म्हणाली नाही.

म्हटलं, शांते, चुकलं गं, 'सांडपाणी' राहिलं.

"राहिलं नाही मेंबर, तुम्ही काढलं. पाणी घाण म्हणायला लाज वाटली, आम्हाला म्हणायला नाही वाटली."

मेंबर म्हणाली मला. तुम्ही म्हणाली. आजवर एकदाही नाही.

२७ नोव्हेंबर

भूमिपूजन झालं नाही. आम्ही पोचलो तर गायरानात सगळी वस्ती येऊन बसलेली, बाया-पोरांसकट. आरडाओरड नाही, काही नाही. नुसती बसलेली. भटजी गाडीतून उतरलेच नाहीत, बिचाऱ्यांना कळेना आपण काय केलं.

पंचायतीचे अध्यक्ष तोंडाला फेस आणून बोलायला लागले. "सरकारचं काम अडवता काय?" मला राहवेना. पुढे गेले आणि म्हटलं, ते शब्द माझे. पंचायतीचे नाहीत, रिक्षावाल्याचे नाहीत. मी लिहिलं, मला माफ करा. हात जोडले.

वस्तीतले सगळ्यांत थोरले म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले दादा. ते म्हणाले, "बाई, तुम्ही बोललात ते बरं केलं. तो विषय संपला. आता दुसरं विचारतो. पाणी तुमच्या घरांचं. घाण तुमच्या घरांची. मग ती आमच्या दारापर्यंत आणून का धुवायची? वर धुवा, तुमच्याकडे. धुतलेलं खाली येऊ द्या."

मी सगळ्या मीटिंगांत 'हौदु हौदु' केलं, आणि हा प्रश्न एकदाही डोक्यात आला नव्हता.

४ डिसेंबर

धारवाडहून इंजिनिअर आले होते. वयाने पोरसवदा, पण ऐकून घेणारे. गटाराच्या कडेने चालत गेलो. म्हणाले, वर करता येईल, पण उतार हवा, सखल जागा हवी. अशी एकच आहे. आणि बोट केलं ते आमच्या वांग्याच्या तुकड्याकडे.

म्हणाले, "इदु यारदु री?" कोणाची जागा? पीडीओ माझ्याकडे बघायला लागले.

ह्यांचा जीव त्या तुकड्यात आहे. अळणावरच्या बाजारात वांगी घेऊन बसले की दुपारच्या आत पाट्या रिकाम्या. ती फुगतात कशावर, तर गटाराच्या पाण्यावर. हे मी कधी कुठे बोलत नाही, इथे लिहिते.

५ डिसेंबर

घरात युद्ध. हे जेवले नाहीत. "मेंबर तू, मग तुझ्या माहेरचं रान दे." माझ्या माहेरी रान असतं तर हे मला बोलू शकले असते का? भांडी आपटली. आत्ती म्हणाल्या, घराण्याची जमीन गटाराला देणार? लोक तोंडात शेण घालतील.

मी म्हटलं, लोक खालच्या वस्तीच्या तोंडात काय घालताहेत ते बघा एकदा. फार मोठ्यानं बोलले. आत्ती रडल्या. मग मीही.

११ डिसेंबर

अबोला चालूच. ह्यांना चहा दिला की कप सरकवून ठेवतात आणि मी वळले की पितात.

शांता रस्त्यात भेटली. पोलिओच्या डोसाबद्दल बोलली, तेवढंच. नात घरी आली आहे, बरी आहे. मला जाऊन बघायचं होतं. विचारायचा धीर झाला नाही.

१८ डिसेंबर

आज हे एकटेच खाली जाऊन आले. मला न सांगता. कशाला गेले होते विचारलं तर म्हणे उगीच. मग हात धुता धुता बोलले, "त्या झिऱ्यात वाकून बघितलं. वर तेलाचा तवंग आहे गं. एक पोरगी वाटीनं तो बाजूला सारून सारून घागर भरत होती. किती वेळ." आणि मग म्हणाले, "वांगी काय, वरच्या तुकड्यातपण येतील. लहान येतील."

मी भाकरीवर जास्त लोणी घातलं.

रागावते मी ह्यांच्यावर दिवसाला दहादा. पण माणूस चांगला आहे.

२२ जानेवारी २०१८

जमिनीचे कागद झाले. काम सुरू. या वेळची नोटीस: 'गावाच्या घाण पाण्यावर प्रक्रिया. वरच्या आळीत.' घाण शब्द मोठ्या अक्षरात लिहिला. दादांना आधी दाखवून आले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं, म्हणाले, "ठीक आहे." शांता तिथेच होती. म्हणाली, "'प्रक्रिया'ला वेलांटी बरोबर दिलीस काय सुमे, शाळेत चुकायचीस." सुमे म्हणाली! घरी येईपर्यंत हसू आवरेना. रस्त्यात लोकांना वाटलं असेल मेंबरबाईला काय झालं.

पूजा नाही, नारळ नाही. दादांनी पहिली कुदळ मारली, दुसरी ह्यांनी.

१५ मार्च

टाकी झाली. खडी पसरली. कर्दळीचे कंद घरोघरून मागून आणले; माझ्या परसातले सगळे गेले. वस्तीतल्या बाया लावायला आल्या, आमच्या आळीतल्या फार थोड्या. आत्ती बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "एवढ्या जवळ जवळ लावू नका गं, श्वास घेऊ द्या तिला." शांता म्हणाली, "आत्ती, तुम्हीच मेंबर व्हायला पाहिजे होतं." आत्ती खूष. दिवसभर शांताचंच कौतुक.

२८ एप्रिल

पाणी सोडलं. जाळीजवळ उभं राहवत नाही इतका वास. पण पलीकडच्या टोकाला, कर्दळीतून बाहेर पडतं ते पाणी निवळ आहे. वास नाही. इंजिनिअर म्हणाले हे पिण्याचं नव्हे, पण नदीला सोसेल असं आहे. झिऱ्याचं पाणी सुधारायला थोडे दिवस जातील. हे म्हणाले, वांग्यांना चालेल. मी म्हटलं, ब्याड री, नको, तुमची वांगी पुरे झाली. सगळे हसले.

शांतानं ओंजळीत घेऊन नाकाशी नेलं, पुन्हा एकदा नेलं. तिला रडू आलं असावं. मला तर आलंच.

१२ मे

आजची मीटिंग. लिहिताना अजून अंगाची आग होतेय.

इंजिनिअरनी सांगितलं, ठेकेदाराची माणसं अठरा तारखेपर्यंतच, पुढे जाळी रोज सकाळी गावानं साफ करायची. दाताळ्यानं कचरा ओढायचा, खड्ड्यात टाकायचा, एवढंच. एक दिवस चुकला की जाळी तुंबणार आणि गटार बाजूने फुटून सरळ नदीत. म्हणजे पुन्हा झिऱ्यात. कोण करणार?

आणि मग सगळ्यांच्या माना वळल्या. शांताचा दीर मिलिंद मागे उभा होता, तिकडे. कोणी सांगितलं नाही, कोणी नाव घेतलं नाही. आपोआप वळल्या. मिलिंद फिटर आहे, आयटीआय झालेला, हुबळीला कारखान्यात होता, कंत्राट संपलं म्हणून घरी आलाय.

माझीपण मान वळली. माझी! एवढं सगळं होऊन!

शांतानं बघितलं. बाकी कोणाकडे नाही, माझ्याकडेच बघितलं.

मीटिंग संपल्यावर गाठलं तिला. म्हणाली, "कामाला तो लाजणारा नाही. पण एकदा त्यानं त्या जाळीला हात लावला की जाळी जन्मभर आमची. त्याच्या पोराचीपण. तुला म्हाईत आहे." माहीत आहे. म्हणूनच तर मान वळली.

१४ मे

पुन्हा मीटिंग लावायला लावली. म्हटलं, ज्यांच्या घरचं पाणी जाळीला येतं त्यांनी जाळी साफ करायची. घरटी पाळी. खालच्या वस्तीचं पाणी इकडे येतच नाही, तेव्हा त्यांचा संबंध नाही.

'पाळी' म्हटल्यावर मागची चार टाळकी खिदळली. मी म्हटलं, हसा, हसून घ्या, मग सांगा कोणत्या दिवशी येता.

अध्यक्ष म्हणाले, "अक्का, आमच्या घरातली माणसं गटारात हात घालणार?" मी म्हटलं, आपल्याच घरातून आलेलं आहे, ओळखीचं आहे. पहिली पाळी आमची, दुसरी तुमची. तिथून आळीने पुढे. हे मागे बसले होते, पंख्याकडे बघत होते. पण नको म्हणाले नाहीत.

ठराव झाला. हात वर करताना लोक आपल्या हाताकडे तो दुसऱ्याचा असल्यासारखं बघत होते.

१९ मे

आज आमची पाळी झाली.

आत्ती पहाटेपासून देवापुढे. हे नाकाला रुमाल बांधून आले, म्हणाले मी करतो. मी म्हटलं, मी मेंबर, मी करणार. पहिलं दाताळं ओढलं. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, केसांचे गुंते, शिळा भात, पोरांची डायपरं. आणि कलपाच्या पुड्या, काळ्याकुट्ट, इतक्या! गावात एवढे लोक केस काळे करतात याचा पत्ता नव्हता. एक तर आमच्याच ब्रँडची. ह्यांनी ओळखली आणि रुमालाआडून खाकरले. उलटी येत होती आणि हसूपण.

आळीतले लोक भिंतीआडून बघत होते. कोणी पुढे आलं नाही. ओढून झालं तेव्हा पाणी जाळीतून असं मोकळं धावलं की बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. घरी येऊन दोन वेळा अंघोळ केली. आत्तींनी अंगणातच पाणी दिलं, पण त्यांनी स्वतः ओतलं अंगावर.

उद्या अध्यक्षांची पाळी.

१९ मे, संध्याकाळ

अध्यक्षांच्या घरून निरोप: मालकिणीच्या अंगात कणकण आहे, मालक बेळगावला निघालेत, पोरगा परीक्षेचा अभ्यास करूलाय. मे महिन्यात कसली परीक्षा? तेव्हा 'कोणाला तरी' सांगा, पैसे देतो.

मी काही कळवायच्या आत शांता आली. धापा टाकत. अध्यक्षांचा गडी मिलिंदकडे परस्पर जाऊन आला. फक्त उद्याचं नाही, महिन्याचं बोललाय. मिलिंद घरी बसून आहे, पोराच्या शाळेची फी भरायची आहे. तो नको म्हणाला नाही.

"त्यानं व्हय म्हटलं तर मी त्याला काय सांगू? घरात बसून राहा? मी कोण सांगणार?" पायरीवर बसली. मी शेजारी बसले. हे आतून चहा घेऊन आले, तिला दिला आणि आत गेले.

खरं आहे. मिलिंदला काम पाहिजे, त्यात लाज कसली. पण तो उद्या तिथे उभा राहिला की परवापासून कोणाचीच पाळी येणार नाही, हेही खरं आहे. आणि कोणीच गेलं नाही तर गटार फुटून झिऱ्यात. मी गेले तर? मग ते मेंबरबाईचं काम होणार. लोक म्हणतील, तिला आवडतं.

शांतानं मिलिंदला सकाळपर्यंत थांब म्हणून सांगितलंय. तो थांबेल म्हणाला, पण तेवढंच.

मी ठरवलंय. उजाडलं की दाताळं घेऊन अध्यक्षांच्या दारात जाऊन उभी राहणार. कडी वाजवणार. भांडणार नाही. जाळीपर्यंत सोबत चालेन, कसं ओढायचं दाखवेन, पण दाताळं त्यांच्या घरातल्या माणसाच्या हातात देणार. आजारी असो, परीक्षेचा असो, बेळगावला निघालेला असो.

"आणि दार नाही उघडलं तर?" शांतानं विचारलं.

म्हटलं, पुन्हा कडी वाजवेन. ती म्हणाली, "मी पण येते." मी नको म्हटलं. ती तिथे दिसली तर दाताळं तिच्याच हातात देतील, हे तिलाही कळलं. तरी येते म्हणाली.